न घाबरता आलेली धडधड: ॲड्रेनलिन शरीरात आणि मनात काय करतं

अक्कलदाढ काढून घ्यायला गेले होते. घाबरले नव्हते. डॉक्टर ओळखीच्या होत्या, काय करणार ते त्यांनी आधी नीट समजावलं होतं. हिरडीत बधिर करण्याचं इंजेक्शन गेलं आणि अर्ध्या मिनिटात छाती धडधडायला लागली. हात थरथरू लागले, तळवे ओले आणि गार झाले. खुर्चीतून उठून पळत सुटावं असं वाटलं, पण कशापासून पळायचं ते कळेना. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "औषधात थोडं ॲड्रेनलिन असतं. पाचेक मिनिटांत ओसरेल." तसंच झालं.

तोवर माझी समजूत साधी होती: आधी माणूस घाबरतो, मग त्याची छाती धडधडते. इथे घाबरण्यासारखं काहीच घडलं नव्हतं, तरी घाबरलेल्या माणसाचं शरीर मला काही मिनिटांसाठी मिळालं होतं. मग भीती म्हणजे नेमकं काय? धडधड, की तिच्या आधीचं काही, की तिच्या नंतरचं? या प्रश्नाने मला बरंच वाचायला लावलं. जे कळलं ते इथे सांगते.

आधी इंजेक्शनाचं कोडं सोडवू. बधिर करणारं औषध हिरडीत टोचलं की रक्त ते वाहून नेऊ लागतं आणि बधिरपणा लवकर उतरतो. म्हणून त्यात ॲड्रेनलिन अगदी कमी प्रमाणात मिसळतात, बऱ्याचदा 80 हजार किंवा 1 लाख भागांत एक भाग. ते तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं. पण त्यातला थोडा अंश रक्तात उतरला तर तो थेट हृदयापर्यंत पोचतो आणि जे माझं झालं ते होतं.

शरीर हेच रसायन स्वतः बनवतं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मराठीत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सगळे ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. तिचे दोन थर असतात. बाहेरचा थर कॉर्टिसॉल हे ताणाच्या काळात वाढणारं रसायन वगैरे बनवतो, आतला गाभा ॲड्रेनलिन. गाभ्यातल्या पेशी मुळात चेतापेशींच्याच कुळातल्या. फरक इतकाच की चेतापेशी आपला निरोप शेजारच्या पेशीच्या कानात सांगते, आणि या पेशी तो रक्तात सोडून गावभर दवंडी पिटतात.

1890च्या दशकात जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर या इंग्लंडमधल्या दोघांनी दाखवून दिलं की या ग्रंथीचा अर्क टोचला की प्राण्याचा रक्तदाब झपाट्याने चढतो. त्या अर्कातला नेमका पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती यायला नवं शतक उजाडावं लागलं. जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहकारी केइझो उएनाका या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत 1900 साली त्याचे स्फटिक मिळवले. शुद्ध रूपात वेगळं काढलेलं हे पहिलं संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन. 1904 मध्ये जर्मनीत फ्रीडरिश श्टोल्त्स यांनी ते प्रयोगशाळेत बनवलंही.

आता ते शरीरात काय करतं, ते बघू. मला आश्चर्य वाटलं ते याचं, की यातलं बहुतेक सगळं आपल्या भाषेला आधीच माहीत होतं. घाबरलेल्या माणसाचं वर्णन करताना आपण जे वाक्प्रचार सहज वापरतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्दशः खरा आहे.

'हातपाय गार पडले.' त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळवलं जातं, म्हणून बोटं थंड पडतात आणि चेहरा पांढराफटक होतो. त्याच वेळी घामाच्या ग्रंथींनाही चेतातंतूंकडून हुकूम गेलेला असतो. त्वचा थंड आणि वर घाम, म्हणून 'थंडगार घाम फुटतो'. 'तोंडाला कोरड पडली', कारण पातळ लाळ सुटणं कमी होतं. 'पोटात गोळा आला', कारण जठर आणि आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि त्यांची हालचाल मंदावते. जीव वाचवायच्या घाईत पचन थांबलं तरी चालतं. 'डोळे विस्फारले' हे तर दुहेरी खरं आहे. बाहुली रुंदावते आणि जास्त उजेड आत येतो, शिवाय वरच्या पापणीतला एक इवलासा स्नायू पापणी आणखी वर ओढतो. 'अंगावर काटा आला' ही केसांच्या मुळाशी असलेल्या स्नायूंची करामत. अंगभर केस असणाऱ्या प्राण्याला ती उपयोगी पडते, तो फुलून मोठा दिसतो. आपल्याकडे केस उरले नाहीत, काटा मात्र राहिला.

आणि 'काळजात धस्स झालं'. मराठीत काळीज म्हणजे मनाविषयी बोलताना हृदय, पण शरीराचा अवयव म्हणून बघितलं तर यकृत. ॲड्रेनलिन या दोन्ही काळजांवर काम करतं. हृदयाचे ठोके ते वाढवतं आणि प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढवतं. यकृताला ते सांगतं की साठवलेलं ग्लायकोजेन फोड आणि साखर रक्तात सोड. चरबीच्या पेशीही आपला साठा मोकळा करतात. श्वासनलिका रुंदावतात. धावणाऱ्या स्नायूला जे हवं, म्हणजे साखर, प्राणवायू आणि भरपूर रक्त, ते सगळं तयार ठेवलं जातं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915च्या सुमारास या सगळ्याला एका सूत्रात बांधलं: शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतंय.

एक गोष्ट मात्र खटकायला हवी. रसायन एकच, मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि स्नायूंमधल्या सैल होतात, हे कसं? आतडं थबकतं आणि हृदय उसळतं, हे कसं? घंटेचं उदाहरण घ्या. तीच घंटा अग्निशमन केंद्रात वाजली तर माणसं गाडीकडे धावतात, शाळेत शेवटच्या तासाला वाजली तर मुलं दप्तर उचलतात. काय करायचं ते घंटा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो. पेशींच्या पृष्ठभागावर ॲड्रेनलिन ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात, आणि ते एकाच जातीचे नसतात. रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट सुचवले; पुढे त्यांचे पोटप्रकारही सापडले. त्वचेतल्या वाहिन्यांवर अल्फा जास्त, म्हणून त्या आवळतात. स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्यांवर आणि श्वासनलिकांवर बीटाचा एक प्रकार, म्हणून त्या सैल होतात. हृदयावर बीटाचाच दुसरा प्रकार.

या एका कल्पनेवर औषधशास्त्राचं केवढं मोठं दालन उभं राहिलं! जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात प्रोप्रानोलॉल आणलं, जे बीटा ग्राहकांवर आधी जाऊन बसतं आणि ॲड्रेनलिनला जागाच ठेवत नाही. 'बीटा ब्लॉकर' म्हणतात ते हेच कुटुंब. ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी 1971 मध्ये अर्ल सदरलँड यांना मिळालं होतं. ॲड्रेनलिन पेशीच्या आत न शिरता दारावर थाप मारतं आणि आतला दुसरा निरोप्या कामाला लागतो, हे त्यांनी यकृताच्या पेशींवर शोधून काढलं. 2012 मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना हे ग्राहक कसे काम करतात ते उलगडल्याबद्दल. एका रेणूचा माग काढताना तीन नोबेल.

आता एक गैरसमज दूर करते, कारण तो फार पसरलेला आहे. अंधारात जिना उतरताना पायरी चुकते, त्या क्षणी छातीत जो धक्का बसतो तो ॲड्रेनलिनचा नसतो. ॲड्रेनलिनला रक्तातून प्रवास करावा लागतो आणि त्याला काही सेकंद लागतात. पहिला धक्का थेट चेतातंतूंचा. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला कळवतो, तिथून निरोप मज्जारज्जूतून खाली येतो आणि सिम्पथेटिक चेतासंस्थेच्या, म्हणजे शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या जाळ्याच्या, तारा हृदयापर्यंत, घामाच्या ग्रंथींपर्यंत, बाहुल्यांपर्यंत पोचतात. त्यातलीच एक तार अधिवृक्क ग्रंथीत जाते. तिथून निघालेलं ॲड्रेनलिन मागाहून येतं आणि सुरू झालेलं काम वाढवतं, लांबवतं, जिथे तारा पोचत नाहीत तिथेही नेतं. ज्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी आजारामुळे काढाव्या लागतात त्यांना कॉर्टिसॉलसारखी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, पण ॲड्रेनलिन वेगळं द्यावं लागत नाही. आणि भीती त्यांनाही वाटते.

मनाचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा आहे आणि तो ॲड्रेनलिनला जवळजवळ आत सोडतच नाही. म्हणजे ज्या रसायनाला आपण थराराचं, जोशाचं रसायन म्हणतो ते मेंदूत फारसं पोचतच नाही! मग मन का बदलतं?

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मेंदूचं स्वतःचं जुळं रसायन, नॉरॲड्रेनलिन. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक छोटासा निळसर ठिपका आहे. शरीराला गजर दिला जातो तेव्हा तोही जागा होतो आणि मेंदूभर नॉरॲड्रेनलिन शिंपडतो. लक्ष एका जागी खिळतं. समोरून येणारी गाडी लख्ख दिसते, बाजूला कोण उभं होतं ते आठवत नाही. बारीक विचार, तोलून मापून निवड करणं, ही कपाळामागच्या मेंदूची कामं मात्र या माऱ्यात ढिली पडतात. म्हणून परीक्षेच्या पहिल्या पाच मिनिटांत पाठ असलेलं उत्तर सुचत नाही, आणि भांडणात चांगला मुद्दा नेहमी घरी आल्यावर आठवतो.

दुसरी वाट व्हेगस नावाच्या लांबलचक चेतातंतूची. छातीत आणि पोटात ॲड्रेनलिनने जी उलथापालथ केली तिची खबर हा तंतू खालून वर नेतो. ती आठवणींच्या कारखान्यापर्यंत पोचते आणि 'हे जपून ठेव' असा शेरा पडतो. जेम्स मॅकगॉ यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या गटाने 1994 मध्ये केलेला एक प्रयोग सोपा आणि सुंदर आहे. लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली, तिच्या मधल्या भागात एका मुलाला भीषण अपघात होतो. आठवड्याने विचारलं तेव्हा तो भाग इतर भागांपेक्षा चांगला लक्षात होता. पण ज्यांना आधी प्रोप्रानोलॉल दिलं होतं त्यांच्यात हा फरक उरला नव्हता. बाकीची गोष्ट त्यांनाही तितकीच आठवत होती, फक्त भीषण भागाचं खास वजन गेलं होतं. एखादा अपघात वीस वर्षांनी वासासकट आठवतो आणि परवाचं जेवण आठवत नाही, त्याचं कारण असं आहे.

'तो क्षण संथ झाला होता' असं अपघातातून वाचलेले लोक सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, पण त्या क्षणी त्यांना जास्त वेगाने दिसत होतं असंही नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना सुमारे 31 मीटर उंचीवरून पाठीवर खाली जाळ्यात सोडलं. मनगटावर भराभर बदलणारे आकडे दाखवणारं यंत्र होतं. काळ खरोखर संथ झाला असता तर ते आकडे वाचता आले असते. ते वाचता आले नाहीत. मात्र आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी साधारण एक तृतीयांश जास्त वेळ चाललं असं त्यांना वाटलं. आठवण दाट विणली गेली की मागे वळून बघताना वेळ लांब भासतो, असा त्याचा अर्थ लावतात.

आता माझ्या खुर्चीतल्या प्रश्नाकडे. तो प्रश्न स्पेनमधल्या ग्रेगोरियो मारान्यॉन या डॉक्टरांना शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. त्यांनी लोकांना ॲड्रेनलिन टोचून काय वाटतं ते विचारलं आणि 1924 मध्ये ते छापलं. बहुतेकांना फक्त शरीरातले बदल जाणवले. उरलेल्यांतले बरेच जण म्हणाले, 'घाबरल्यासारखं वाटतंय', 'रडू येईल असं वाटतंय', पण खरी भीती नाही, खरं दुःख नाही. 'सारखं' हा शब्द महत्त्वाचा. मला खुर्चीत अगदी तेच झालं होतं.

1962 मध्ये स्टॅनली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं, शरीर फक्त खळबळ पुरवतं, ती राग आहे की आनंद हे मन आजूबाजूला बघून ठरवतं. त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष पुढे इतरांना तितके स्वच्छ मिळाले नाहीत, त्यामुळे तो सिद्धांत जसाच्या तसा कुणी धरत नाही. पण त्यातला एक धागा टिकाऊ ठरला. भाषणाआधीची धडधड आणि आवडत्या माणसाला भेटण्याआधीची धडधड छातीच्या पातळीवर फारशी वेगळी नसते. 2014 मध्ये ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी दाखवलं की भाषण, गाणं किंवा गणिताच्या परीक्षेआधी 'शांत हो' असं स्वतःला बजावण्यापेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरते. कारण उघड आहे. धावत्या हृदयाला थांबवणं कठीण, त्याच धावण्याला दुसरं नाव देणं सोपं. मी स्वतः हे व्यासपीठामागे उभी असताना करते आणि मला ते उपयोगी पडतं.

धोका टळल्यावर पाय का लटपटतात, हेही लोक नेहमी विचारतात. ॲड्रेनलिन स्नायूंची सूक्ष्म थरथर वाढवतं, धावपळीत ती जाणवत नाही, थांबलो की दिसते. रक्तातलं ॲड्रेनलिन फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. यकृतातली आणि इतर पेशींमधली विकरं (एन्झाइम) ते मोडतात आणि अवशेष लघवीतून जातात. तरी थरथर जरा जास्त वेळ राहते, कारण आपण 'काय झालं असतं' हे मनात पुन्हा घडवत बसतो आणि प्रत्येक वेळी घंटा थोडी वाजते.

खरा त्रास इथेच आहे. वाघ निघून जातो, विचार जात नाही. उद्याची मुलाखत, न आलेला फोन, कुणीतरी टाकून बोललेलं वाक्य, यांच्यासाठीही शरीर तीच साखर काढतं, तोच रक्तदाब चढवतं, आणि धावायचं मात्र कुठेच नसतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं, ते सावकाश चढतं आणि जास्त वेळ रेंगाळतं. हे महिनोन्महिने चाललं तर झोप, रक्तदाब आणि हृदय या तिन्हींवर ताण पडतो. अशा वेळी काढलेली साखर वापरून टाकणारं चालणं चांगलं. आणि श्वास सावकाश सोडणं. श्वास सोडताना व्हेगसच्या प्रभावाने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवला की त्याला लगाम बसतो.

काही वेळा मात्र घंटाच बिघडलेली असते. पॅनिक अटॅकमध्ये काहीही कारण नसताना पूर्ण गजर होतो आणि साधारण दहा मिनिटांच्या आत कळस गाठतो. माणसाला मरण आल्यासारखं वाटतं; त्याला 'उगाच घाबरतोस' म्हणणं क्रूर आहे, त्याचं शरीर खरोखर त्या अवस्थेत असतं. यावर चांगले उपचार आहेत. फार क्वचित ग्रंथीच्या गाभ्यात फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते आणि ती मनाला येईल तेव्हा ॲड्रेनलिन सोडते: डोकं ठणकतं, घाम फुटतो, छाती धडधडते. मधुमेहात साखर फार खाली गेली की होणारी थरथर आणि धडधड हीदेखील ॲड्रेनलिनचीच हाक असते, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला ती नीट ऐकू येईलच असं नाही. घाम तेवढा येतो. अशा रुग्णांनी घामाकडे दुर्लक्ष करू नये. आणि 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला ताकोत्सुबो: मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा खालचा कप्पा ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा फुगतो. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया असतात, आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात, त्यामुळे घरी बसून निदान करायचं नाही.

ज्या रसायनाने मला खुर्चीत हैराण केलं ते जीव कसा वाचवतं, हे सांगायचं राहिलं. मधमाशी चावली, शेंगदाणा खाल्ला किंवा औषध घेतलं आणि तीव्र ॲलर्जी उसळली की रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनलिन वाहिन्या आवळतं, सूज उतरवतं, श्वासनलिका उघडतं आणि ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशींनाही आवर घालतं. सगळ्या तक्रारींवर एकच रेणू. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. ज्यांच्याकडे डॉक्टरांनी दिलेलं पेनसारखं इंजेक्शन असतं त्यांनी ते वापरायला कचरू नये आणि माणसाला आडवं ठेवावं. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण ॲड्रेनलिन काही मिनिटांचं पाहुणं आहे, ॲलर्जी काही तासांनीही पुन्हा डोकं वर काढू शकते, आणि तेव्हा दुसरा डोस हाताशी हवा.